एकशे बारा, एकशे तेरा

पाचशे प्रती छापल्या होत्या पौनीकरांनी,
महालातल्या बोळीत, लग्नपत्रिकांच्या मधल्या वेळात.
त्यातल्या सव्वातीनशे माझ्याच दिवाणाखाली.
नऊ वर्षं मी त्यांच्यावर झोपले.
कूलरचं पाणी सांडलं की फरशी नंतर,
आधी गठ्ठे बघायचे.

मग एका मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
रद्दीवाल्याला हाक मारली.
किलोला अकरा रुपये.
शेवटचा गठ्ठा उचलताना तो म्हणाला,
"एखादी ठेवा न बाई, आठवण म्हणून."
आठवण आहे, म्हटलं. ने.

पुढचं मला उशिरा कळलं.
बर्डीच्या फुटपाथवर वीस रुपयांना एक प्रत
सिस्टर रंगारींनी घेतली, पाऊस थांबेपर्यंत वाचायला.
ती नाइट ड्यूटीत फिरली,
होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर फिरली,
मुली उशीखाली ठेवून भांडल्या म्हणे तिच्यासाठी.
आणि मेडिकल चौकात, गुलशन झेरॉक्सच्या काउंटरवर,
अॅनाटॉमीच्या नोट्स आणि जातपडताळणीच्या फॉर्मशेजारी
माझी कादंबरी: स्पायरल, निळं प्लास्टिक,
कव्हर नाही म्हणून माझं नावही नाही.

"लय चालून राहिली हे, मॅडम. पाचशेच्या वर गेल्या.
सिस्टर असान तर दहा रुपये कमी."
मी ब्लड बँकेत एकतीस वर्षं लेबलं चिकटवली.
हो म्हटलं. सिस्टर.
एकशे दहा रुपये मोजले माझ्याच पुस्तकाचे
आणि रिक्षात बसून वास घेतला. टोनरचा.

घरी आल्यावर दिसलं.
एकशे अकराव्या पानाच्या तळाशी,
*सुभद्रानं दार आतून लावून घेतलं आणि*
एकशे चौदा:
*सकाळचा चहा फार गोड झाला होता.*
मधलं नाही.
गुलशननं दोन पानं एकदम उलटली असतील,
पंखा जोरात असेल, गिऱ्हाईक ओरडत असेल.

त्या दोन पानांना मला अकरा महिने लागले होते.

सिस्टर रंगारी घरी आल्या, पेढे घेऊन, दोघी ज्युनिअर घेऊन.
"काय हिंमत हो तुमची!
दाराआड काय झालं ते सांगितलंच नाही.
आम्ही रात्रभर बोलत होतो त्याच्यावर."
एक मुलगी रडली. दुसरीनं सही मागितली.
मी चहा केला. साखर जास्त पडली.

आता शाली आल्यात तीन, एक तर चक्क रेशमी.
पुण्याहून फोन आला: दुसरी आवृत्ती काढू,
फक्त ते 'काहून', 'करून राहिली' जरा प्रमाण करू या,
करार पाठवतो.
मृगात म्हणाले होते. आता पोळा झाला.
मध्ये एकदा म्हणाले, कागदाचे भाव बघताय ना.
पौनीकर गेले. प्रेसच्या जागी त्यांचा पोरगा
मोबाइलची कव्हरं विकतो.
"हक्क कोणाचे, बाबाच्या डायरीत असंन,
पण डायरी कुठं हाय ते बाबालेच माहीत."

आणि मूळ प्रत?
माझ्याकडे नाही.
सिस्टरची एक होती ती, कुणाच्या तरी बदलीबरोबर
गडचिरोलीला गेली.
हस्तलिखित त्या मे महिन्यातच, त्याच तराजूत.

तर रोज दुपारी बसते.
*सुभद्रानं दार आतून लावून घेतलं आणि*
इथपर्यंत लिहिते, छान अक्षरात.
पुढे काय होतं ते मलाच आठवत नाही.
एक बादली होती, एवढं नक्की.
कोमट पाणी. कुणाचे तरी छोटे पाय.
की ते मी ड्यूटीवर पाहिलं होतं, लिहिलं नव्हतं?

काल गुलशनचा फोन आला, त्याला आता कळलंय मी कोण ते.
माफी नाही, काही नाही.
"मॅडम, दुसरी लिहिली असान तर आणा.
ओरिजिनल आणा. यावेळी पंखा बंद ठेवतो."